स्तनलघूकरण आणि आरोग्यविमा : ‘वैद्यकीय आवश्यकता’ ह्या कसोटीचा विचार

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ ह्या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून त्याला नवे नाक करून दिले, असे त्या पत्रात सांगितले होते. ह्या वृत्तांताने युरोपातील शल्यविद्येला नवी दिशा मिळाली. जोसेफ कार्प्यू ह्या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडन येथे ह्याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. आज जिला प्लास्टिक सर्जरी म्हणतात, त्या शाखेच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ बहुधा येथूनच सांगितला जातो.

कावसजीला नवे नाक कशासाठी हवे होते? श्वास तर त्याला त्याविनाही घेता येत होता. तरीही त्याच्या इच्छेला कोणी हौस म्हटले नसते. शरीराचा आकार बदलणारी शस्त्रक्रिया म्हणजे नटणे नव्हे, हे त्या प्रसंगी सर्वांना उमजत होते. परंतु शस्त्रक्रियेचा खर्च रोगी स्वतः न करता विमा कंपनी करू लागली, तेव्हा ‘गरज कोणती आणि हौस कोणती’ हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. त्याच्या उत्तरावर बिल कोणी भरावयाचे हे ठरू लागले. ह्या प्रश्नाचे आजचे एक बोलके उदाहरण म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया होय. ह्या लेखात तिला ‘स्तनलघूकरण’ म्हटले आहे. ह्या शस्त्रक्रियेसंबंधी विम्याचे नियम सर्वांत तपशीलवार रीतीने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाले असल्याने प्रथम तेथील व्यवस्थेचा व नंतर भारतातील स्थितीचा विचार करणे सोयीचे होईल.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

काही स्त्रियांच्या स्तनांची वाढ शरीराच्या मानाने प्रमाणाबाहेर होते. ह्या वाढीचा उगम कधी वयात येताना, कधी गरोदरपणानंतर, तर कधी वजनवाढीबरोबर झालेला आढळतो. हा भार छातीच्या पुढील बाजूस लोंबत असल्याने मान, खांदे व पाठीचा वरचा भाग ह्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. अंतर्वस्त्राचे पट्टे खांद्यांत रुतून कायमचे खड्डे पडतात. स्तनांखालील घडीत घाम साचून कातडी लाल होते, सोलवटते व तेथे बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. काही स्त्रियांना डोकेदुखी असते, काहींच्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. धावणे किंवा व्यायाम करणे अवघड होते, आणि व्यायाम होत नाही म्हणून वजन कमी होत नाही, असे एक दुष्टचक्र निर्माण होते.

शस्त्रक्रियेत स्तनांतील अतिरिक्त ग्रंथी, चरबी व कातडी काढून टाकतात आणि स्तनाग्र, त्याचा रक्तपुरवठा शक्य तितका राखून, वरच्या जागी आणून बसवितात. रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागते. बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. धोके नाहीत असे नाही. व्रण कायम राहतात, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे बाळाला अंगावर पाजणे कठीण जाऊ शकते, जखम भरण्यास विलंब लागू शकतो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत हा विलंब अधिक संभवतो. म्हणूनच अनेक शल्यवैद्य शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे धूम्रपान बंद ठेवण्यास सांगतात.

ह्या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्तनलघूकरणाने वेदना कमी होते व त्याच वेळी रूपही बदलते. ही दोन फळे एकाच फांदीला लागलेली आहेत. त्यांतील एक तोडून दुसरे ठेवता येत नाही. विमा कंपनीच्या दृष्टीने सारी अडचण येथेच आहे.

अमेरिकेतील चौकट

अमेरिकेतील सुमारे निम्म्या लोकांना आरोग्यविमा स्वतःच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या तरी नोकरीतून मिळतो. विमा व्यवसायावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार १९४५ च्या मॅकॅरन–फर्ग्युसन कायद्याने मुख्यतः घटक राज्यांकडे ठेवला. पुढे १९७४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती व कल्याण योजनांविषयी ‘एरिसा’ ह्या नावाने ओळखला जाणारा संघराज्याचा कायदा आला. ह्या दोन कायद्यांमुळे वरवर एकसारखी दिसणारी विमापत्रे दोन निराळ्या वर्गांत पडतात. काही मालक विमा कंपनीकडून विमा विकत घेतात आणि अशा विम्यास राज्याचे विमाविषयक कायदे लागू होतात. दुसरे मालक, विशेषतः मोठ्या कंपन्या, कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या निधीतून करतात व विमा कंपनीला केवळ कारभार पाहण्यासाठी नेमतात. कर्मचाऱ्याच्या हातातील कार्डावर नाव विमा कंपनीचेच असते, परंतु राज्याच्या कायद्याने दिलेले संरक्षण त्या योजनेस सहसा लागू होत नाही. आपली योजना ह्या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे हे विमाधारक स्त्रीने प्रथम विचारून घेणे आवश्यक असते, कारण तक्रार कोणाकडे करावयाची हे त्यावर ठरते.

दोन्ही प्रकारच्या योजनांत ‘वैद्यकीय आवश्यकता’ हा शब्दप्रयोग आढळतो. जे उपचार आवश्यक, ते देय. जे केवळ रूपासाठी, ते अदेय. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९८९ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येप्रमाणे शरीराच्या स्वाभाविक रचनेचे रूप सुधारण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सौंदर्यविषयक होय. आणि जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा, संसर्ग, गाठ किंवा रोग ह्यांमुळे अस्वाभाविक झालेल्या रचनेवर मुख्यतः कार्य सुधारण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया पुनर्रचनात्मक होय. व्याख्या सुटसुटीत आहे. परंतु स्तन कोणत्या वजनापासून ‘अस्वाभाविक’ मानावयाचा, हे ती सांगत नाही.

एका बाबतीत मात्र कायद्याने हा प्रश्न स्वतःच सोडविला आहे. १९९८ च्या ‘स्त्रियांचे आरोग्य व कर्करोग हक्क’ कायद्यान्वये, जी योजना कर्करोगामुळे स्तन काढण्याचा खर्च देते, तिने त्या स्तनाच्या पुनर्रचनेचा, तसेच दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून दुसऱ्या स्तनावर केलेल्या शस्त्रक्रियेचाही खर्च दिला पाहिजे. म्हणजे एक स्तन कर्करोगाने गेला असेल तर उरलेला लहान करून घेण्याचा हक्क कायदा देतो, आणि तो केवळ समरूपतेसाठी देतो. दोन्ही स्तनांच्या भाराने मान मोडून आलेल्या स्त्रीला मात्र असा हक्क नाही. तिला आपली गरज सिद्ध करावी लागते.

ग्रॅमचा हिशोब

गरज सिद्ध करण्याच्या ज्या रीती विमा कंपन्यांनी स्वीकारल्या, त्यांत पॉल श्नूर ह्या शल्यवैद्याच्या व त्याच्या सहकाऱ्यांच्या १९९१ च्या संशोधनाला मोठे स्थान मिळाले. त्यांनी प्लास्टिक सर्जनांकडून त्यांच्या रुग्णांची उंची, वजन, काढलेल्या ऊतींचे वजन आणि त्या स्त्रिया कोणत्या हेतूने आल्या होत्या ह्याविषयीचे सर्जनांचे मत मागविले. त्यावरून शरीराच्या पृष्ठफळाशी काढलेल्या वजनाचे नाते दाखविणारे एक कोष्टक तयार झाले. ते ‘श्नूरची सरकती मोजपट्टी’ म्हणून प्रसिद्ध आहे. मालिकेतील २२ व्या शतमकाच्या वरचे वजन ज्यांच्या बाबतीत काढले गेले, त्या स्त्रिया वैद्यकीय कारणासाठी आल्या असे मानावयाचे. ५ व्या शतमकाच्या खालच्या स्त्रिया सौंदर्यासाठी आल्या असे मानावयाचे. आणि मधल्या स्त्रियांचे हेतू संमिश्र समजावयाचे, असा त्यातील निष्कर्ष होता.

हे कोष्टक व्यवहारात कसे चालते, हे उदाहरणाने समजेल. पृष्ठफळ काढण्याचे मोस्टेलरचे १९८७ चे सूत्र सोपे आहे. उंचीचे सेंटिमीटर व वजनाचे किलोग्रॅम ह्यांचा गुणाकार करावा, त्यास ३,६०० ने भागावे व आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. उत्तर चौरस मीटरमध्ये येते. समजा, एका स्त्रीची उंची १६० सेंटिमीटर व वजन ६५ किलोग्रॅम आहे. तिचे पृष्ठफळ सुमारे १.७० चौरस मीटर भरते. कोष्टकाप्रमाणे २२ व्या शतमकाची रेषा तिच्यासाठी प्रत्येक स्तनामागे ३७० ग्रॅमवर येते. तेवढ्याच उंचीच्या दुसऱ्या स्त्रीचे वजन ९० किलोग्रॅम असल्यास पृष्ठफळ २.०० चौरस मीटर होते व तिच्यासाठी ही रेषा ६२८ ग्रॅमपर्यंत चढते. पृष्ठफळ १.५० चौरस मीटर असलेल्या लहान चणीच्या स्त्रीला २६० ग्रॅम पुरतात. काही योजना हे कोष्टक न वापरता सरसकट ५०० ग्रॅमची अट घालतात. अशा योजनेत लहान चणीच्या स्त्रीवर उघडच अन्याय होतो, कारण तिच्या शरीराला २६० ग्रॅमचा भारही पुरेसा जाचक असतो.

मोजपट्टीवरील आक्षेप

श्नूरच्या कोष्टकाचा मूळ प्रश्न आणि विमा कंपन्यांनी त्याला विचारलेला प्रश्न हे दोन्ही एक नव्हेत, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. स्त्रिया कोणत्या हेतूने येतात असे सर्जनांना वाटते, हे त्या पाहणीत नोंदले होते. शस्त्रक्रियेने कोणाची वेदना किती कमी झाली, हे त्यात मोजले नव्हते. वेदनेचा प्रश्न पुढे कॅरोलिन केरिगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. ‘ब्राव्हो’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ व २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर वेदना व इतर लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झाली, असे त्यात आढळले. औषधे, व्यायाम, विशेष अंतर्वस्त्रे इत्यादी उपायांनी टिकाऊ आराम मिळाल्याचे दिसले नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काढलेल्या वजनाचा किंवा स्त्रीच्या देहमानाचा मिळालेल्या आरामाशी संबंध आढळला नाही. २५० ग्रॅम काढलेल्या स्त्रीलाही ६०० ग्रॅम काढलेल्या स्त्रीइतकाच आराम मिळू शकतो, असा ह्याचा अर्थ होतो. आराम किती मिळणार हे लक्षणांवरून सांगता येते, तराजूवरून नव्हे.

अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हीच भूमिका घेतली. एकाहून अधिक लक्षणे असलेल्या स्त्रीस, काढावयाच्या वजनाचा विचार न करता, शस्त्रक्रिया हा पहिल्या फळीचा उपचार म्हणून देऊ करावा, असे त्यात म्हटले आहे. असे असूनही अनेक योजनांच्या नियमावलीत ग्रॅमची अट टिकून आहे. ह्याचे कारण केवळ हटवाद नव्हे. वेदना दुसऱ्याला दिसत नाही, ग्रॅम दिसतात. हजारो अर्ज तपासणाऱ्या संस्थेला सर्वांना सारखी लागू पडणारी संख्या हवी असते, आणि संख्येचा वापर करून दिलेला नकार व्यक्तिगत वाटत नाही. तथापि जी संख्या आरामाशी निगडित नाही, तिने घडलेला न्याय सारखा असला तरी योग्य असेलच असे नाही.

वजनाच्या अटीचा आणखी एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. मान्य केलेले ग्रॅम प्रत्यक्षात निघाले की नाहीत, हे शस्त्रक्रियेनंतर विकृतिशास्त्र प्रयोगशाळेच्या अहवालावरून तपासता येते. त्यामुळे किती ऊती काढावयाच्या ह्या निर्णयात रुग्णाच्या हिताबरोबर कोष्टकातील आकडाही शल्यवैद्याच्या समोर उभा राहतो. स्त्रीला हवा असलेला आकार आणि विम्याला हवे असलेले वजन ह्यांत तफावत असल्यास ती शस्त्रक्रियेपूर्वी मोकळेपणाने बोलून घेणे इष्ट असते.

पूर्वानुमतीचा अर्ज

बहुतेक योजनांत ही शस्त्रक्रिया पूर्वानुमतीवाचून होत नाही. अर्ज शल्यवैद्याचे कार्यालय पाठविते; परंतु त्यातील पुरावा स्त्रीने अगोदरच्या काही महिन्यांत, कधीकधी वर्षांत, जमविलेला असतो. योजनेची लेखी नियमावली मागवून घेणे ही पहिली पायरी होय. नियमावलींत फरक असला तरी काही अटी वारंवार आढळतात : लक्षणे ठरावीक काळ टिकलेली असावीत; वेदनाशामक औषधे, व्यायामोपचार, आधार देणारी अंतर्वस्त्रे व त्वचेसाठी मलमे हे उपाय काही आठवडे किंवा महिने करून पाहिलेले असावेत; वाढ पूर्ण झालेली असावी; ठरावीक वयापुढील स्त्रीची स्तनांची क्ष-किरण तपासणी अलीकडे झालेली असावी; आणि अपेक्षित वजन कोष्टकात बसावे.

येथे एक व्यावहारिक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. जे कागदावर नाही, ते तपासनिसाच्या दृष्टीने घडलेच नाही. एखादी स्त्री दहा वर्षे मानदुखी सोसत असेल; परंतु तिने डॉक्टरांकडे जाऊन ती कधी सांगितली नसेल, तर तिच्या दप्तरी ती वेदना नाही. घराघरांत स्त्रिया अशा दुखण्याविषयी बोलण्यास संकोचतात आणि दवाखान्यात गेल्या तरी ताप-खोकल्याची तक्रार सांगून परततात. हा संकोच अर्जाच्या वेळी महाग पडतो. मानदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा व्यायामोपचारतज्ज्ञ, आणि घडीतील पुरळासाठी त्वचारोगतज्ज्ञ, ह्यांच्या भेटींच्या तारीखवार नोंदी शल्यवैद्याच्या एकट्याच्या पत्राहून अधिक वजनदार ठरतात, कारण शस्त्रक्रियेत त्यांचा आर्थिक हितसंबंध नसतो.

अर्जासोबत उंची व वजन, छायाचित्रे, प्रत्येक बाजूने काढावयाच्या ऊतींचा अंदाज, उपाययोजनांचा इतिहास आणि आवश्यकतेचे पत्र जोडतात. निदान व शस्त्रक्रिया सांकेतिक क्रमांकांनी लिहितात. स्तनवृद्धीसाठी रोगवर्गीकरणातील क्रमांक एन ६२ व शस्त्रक्रियेसाठी १९३१८ हा आहे. केवळ एन ६२ लिहून थांबणे पुरेसे नसते. मानदुखी, पाठदुखी, त्वचादाह ह्यांचीही स्वतंत्र नोंद असावी लागते, कारण आकार हा रोग नसून लक्षणे हे खर्च मागण्याचे कारण असते. आवश्यकतेचे चांगले पत्र विशेषणांनी भरलेले नसते. नियमावलीतील प्रत्येक अट घेऊन ती कोणत्या तारखेच्या कोणत्या नोंदीने पूर्ण झाली, हे ते क्रमाने दाखविते.

मंजुरी मिळाली तरी दोन गोष्टी पाहणे उरते. पूर्वानुमती म्हणजे संपूर्ण रकमेची हमी नव्हे; योजनेतील वार्षिक स्वभार व सहभाग स्त्रीलाच सोसावा लागतो. आणि अनुमती योजनेशी बांधलेली असते. नोकरी बदलली व योजना बदलली की नव्या योजनेकडे पुन्हा अर्ज करावा लागतो. नोकरीनिमित्त अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही बाब विशेष जाणवते, कारण त्यांचा विमा बहुधा नोकरीवरच अवलंबून असतो.

नकार आणि अपील

नकार आला म्हणजे प्रकरण संपले, असा समज रुग्णांत सर्वत्र आढळतो व तोच त्यांच्या सर्वाधिक तोट्याचा ठरतो. नकाराचे पत्र दोन प्रकारचे असू शकते आणि त्यांतील भेद मोलाचा आहे. ‘वैद्यकीय आवश्यकता सिद्ध होत नाही’ असे कारण दिले असेल, तर तो वैद्यकीय निर्णय आहे व पुराव्याने तो बदलता येतो. ‘ही शस्त्रक्रिया योजनेतून वगळलेली आहे’ असे कारण असेल, तर तो कराराच्या शब्दांचा प्रश्न आहे. तेथे कितीही नोंदी जोडल्या तरी मूळ वगळणूक हलत नाही. अशा वेळी तो शब्द योजनेच्या मूळ दस्तऐवजात खरोखर आहे काय, हे पाहावे लागते. कित्येकदा तेथे केवळ ‘सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया’ एवढेच वगळलेले असते व वाद पुन्हा वैद्यकीय प्रश्नाकडे वळतो.

पहिला उपाय म्हणजे शल्यवैद्याने कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी प्रत्यक्ष बोलणे. त्याने काम झाले नाही तर अंतर्गत अपील करता येते. २०१० च्या आरोग्यसेवा सुधारणा कायद्याने व संबंधित नियमांनी त्यासाठी नकार मिळाल्यापासून १८० दिवसांची मुदत दिली आहे. शस्त्रक्रिया अजून व्हावयाची असेल तर अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, झालेली असेल तर ६० दिवसांत द्यावा लागतो. नकार ज्या निकषावर व कागदांवर आधारलेला आहे, त्यांच्या प्रती विनामूल्य मागण्याचा हक्क रुग्णास आहे. नोकरीतून मिळणाऱ्या योजनांत ज्याने पहिला नकार दिला त्याने किंवा त्याच्या हाताखालील व्यक्तीने अपील ऐकावयाचे नसते, आणि वैद्यकीय प्रश्न असल्यास त्या विषयाचे शिक्षण असलेल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो.

अंतर्गत अपीलही फेटाळले गेले, तर प्रश्न वैद्यकीय स्वरूपाचा असल्यास कंपनीबाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडे जाता येते. संघराज्याच्या नियमांप्रमाणे ही मागणी चार महिन्यांच्या आत करावी लागते व सामान्यतः ४५ दिवसांत निर्णय होतो. हा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीने वापरलेले ग्रॅमचे कोष्टक परीक्षकासमोर अंतिम प्रमाण म्हणून नव्हे, तर अनेक पुराव्यांपैकी एक म्हणून येते. ह्याच टप्प्यावर वर सांगितलेले संशोधन व मार्गदर्शक तत्त्वे जोडण्याचा खरा उपयोग होतो.

भारतातील स्थिती

भारतात आरोग्यविम्यातील वगळणुकींचे शब्द विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये एकसारखे केले. त्यांत सौंदर्यविषयक व प्लास्टिक सर्जरीच्या वगळणुकीला आठवा क्रमांक आहे. रूप बदलण्यासाठीच्या उपचारांचा खर्च मिळत नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग ह्यांनंतरची पुनर्रचना, तसेच विमाधारकाच्या प्रकृतीला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार, हे अपवाद आहेत. आवश्यकता असल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केले पाहिजे.

अमेरिकेतील अटींशी तुलना केली असता येथील अडचण निराळी असल्याचे दिसते. ग्रॅमचे कोष्टक ह्या कलमात नाही, ही जमेची बाजू होय. परंतु ‘प्रत्यक्ष व तात्काळ धोका’ हे शब्द दीर्घकाळच्या दुखण्याला नीट बसत नाहीत. मानदुखीने कोणाचा जीव तात्काळ धोक्यात येत नाही. ती माणसाला रोज थोडी थोडी झिजविते. कलमाचा काटेकोर अर्थ लावल्यास स्तनलघूकरण जवळजवळ नेहमीच बाहेर राहील. म्हणून प्रमाणपत्रात केवळ ‘शस्त्रक्रिया आवश्यक’ एवढे न लिहिता वारंवार होणारा त्वचेचा संसर्ग, मज्जातंतूंवरील दाबाची लक्षणे, निष्फळ ठरलेले उपचार व विलंबाने होणारी हानी ह्यांचा स्पष्ट उल्लेख असणे अगत्याचे ठरते. तरीही निकाल विमाधारकाच्या बाजूने लागेलच असे म्हणता येत नाही.

ह्याच नियमावलीतील सहावी वगळणूक येथे आठवण्याजोगी आहे. तीत स्थूलतेवरील शस्त्रक्रियेसाठी निश्चित निकष दिले आहेत. वय १८ वर्षे किंवा अधिक, देहवस्तुमान निर्देशांक किमान ४०, किंवा गंभीर सहविकार असल्यास किमान ३५, आणि कमी तीव्रतेचे उपाय निष्फळ ठरलेले असणे, अशा त्या अटी आहेत. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेत रूप व प्रकृती ह्यांची सरमिसळ आहे, तिच्यासाठीही नियामकाला निकष लिहिता येतात. स्तनलघूकरणासाठी असे स्वतंत्र निकष त्या नियमावलीत नाहीत व ही उणीव भरून काढणे शक्य कोटीतील आहे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथेही आहेत. शुल्क नाही, वकिलाची आवश्यकता नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. त्याखेरीज २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. विमा घेण्यापूर्वीपासूनचे दुखणे असेल तर त्याची प्रतीक्षा मुदत २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. ते दुखणे अर्जात लपविणे मात्र घातक ठरते, कारण पुढे तोच नकाराचा आधार होतो.

समारोप

विमा कंपनीला सर्व हौशी शस्त्रक्रियांचा खर्च सोसता येणार नाही, हे उघड आहे; तो भार अखेरीस इतर विमाधारकांच्या हप्त्यांवरच पडतो. तेव्हा गरज व हौस ह्यांत रेषा ओढणे अपरिहार्य आहे. प्रश्न रेषा कशावरून ओढावयाची एवढाच आहे. अमेरिकेने ती ग्रॅमवरून ओढली आणि वेदना मोजणाऱ्या संशोधनाने तिच्या जागेविषयी शंका उपस्थित केली. भारताने ती ‘तात्काळ धोका’ ह्या शब्दांवरून ओढली आणि रेंगाळणारे दुखणे तिच्या बाहेर राहिले. दोन्हीकडे स्त्रीची वेदना तिच्याच शब्दांत पुरेशी मानली जात नाही. तिला नोंदींची, तारखांची व तज्ज्ञांच्या सह्यांची साक्ष लागते.

ही व्यवस्था बदलेपर्यंत साक्ष जमविणे हाच मार्ग राहतो, आणि त्याचा आरंभ अर्जाच्या दिवशी होत नसून स्त्री आपल्या डॉक्टरांना पहिल्यांदा मोकळेपणाने सांगते, त्या दिवशी होतो. पुण्याजवळच्या त्या कारागिराने कावसजीला नाक देताना आवश्यकतेचा दाखला मागितल्याची नोंद नाही. समोरच्या माणसाकडे पाहूनच त्याला ती कळली असावी. तपासनिसाला रुग्ण दिसत नाही, कागद दिसतो. म्हणून कागदात रुग्ण दिसेल अशी काळजी घेणे, हे रुग्ण, डॉक्टर व निकष लिहिणारे नियामक ह्या तिघांचेही कर्तव्य ठरते.